वाचक विचारतात: आमच्या घराण्याला शाप लागलाय का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही इंदूरचे, व्हाइट चर्चच्या जवळच राहतो. माझे सासरे खूप भक्तिमान होते, पहाटे चारला उठून प्रार्थना करायचे. माझे मिस्टर मात्र दारूत गेले आणि त्यातच संपले. आता मुलगा चर्चला येत नाही, नातू तीन महिन्यांचा झाला तरी बाप्तिस्म्याचं नाव काढत नाही. एका प्रार्थनासभेत मला सांगितलं की तुमच्या घराण्यावर पिढीजात शाप आहे, तो तोडायला वेगळी प्रार्थना लागेल आणि त्यासाठी अर्पण द्यावं लागेल. माझी झोपच उडालीये. सासऱ्यांचं बायबल ट्रंकेत आहे, कोणी उघडत पण नाही.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते अर्पण देऊ नका. दिलं असेल तर जाऊ द्या, पण परत जाऊ नका.

शापवाले लोक बायबलातल्या निर्गम 20 मधलं, बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते हे वचन दाखवतात आणि तिथेच थांबतात, त्याला लागूनच हजारोंवर दया करण्याचं लिहिलंय ते वाचतच नाहीत, आणि अनुवाद 7:9 मध्ये तर सरळ हजार पिढ्या म्हटलंय. कुठे चार आणि कुठे हजार! आणि बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबले ही म्हण इस्राएलात चालायची, ती यापुढे चालणार नाही असं देवानेच यहेज्केल 18 मध्ये बजावलंय. दारूने घरात भीती येते, कर्ज येतं, पोराच्या मनात बापाच्या देवाबद्दल पण राग बसतो, हे सगळं खरं आहे. पण तो घाव आहे ताई, शाप नाही.

आता मत्तयचा पहिला अध्याय काढा, येशूची वंशावळ. आपण तो नावांची यादी म्हणून पटकन उलटतो, मला मात्र तो फार जवळचा वाटतो. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, या परक्या किंवा बदनाम बायकांची नावं तिथे कुणी लपवलेली नाहीत. पण तुम्ही दहावं वचन बघा, हिज्कीया, मनश्शे, आमोन, योशीया. हे सगळे यहूदाचे राजे, दावीद राजाच्या घराण्यातले. हिज्कीया म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारखा, देवाला धरून राहिलेला. त्याचाच मुलगा मनश्शे, 55 वर्षं राज्य केलं आणि मंदिरातच दुसऱ्या दैवतांच्या वेद्या बांधल्या, स्वतःच्या पोरांना अग्नीत घातलं. शेवटी बेड्या पडून बाबेलला गेला तेव्हा तिथे देवापुढे नमला, आणि देवाने त्याचं ऐकलं (2 इतिहास 33 मध्ये आहे, आज रात्री वाचा). त्याचा मुलगा आमोन परत तसाच, दोन वर्षांत चाकरांनीच मारला. आणि त्या आमोनच्या घरात योशीया! आठ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि सोळाव्या वर्षी दावीदाच्या देवाला शोधायला लागला. खाण तशी माती म्हणतात ना, तर ही कुठली खाण होती सांगा. तुझं घराणं टिकेल हे दावीदाला दिलेलं वचन देवाने मनश्शेमुळे मोडलं नाही, त्याच घरातून पुढे नेलं.

आणि योशीया 26 वर्षांचा असताना मंदिराची दुरुस्ती चालू होती, तेव्हा नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाच्या घरातच पडून होता, कोणी उघडत नव्हतं. तुमची ट्रंक वाचली तेव्हा मला लगेच हेच आठवलं.

आजीचं म्हणाल तर पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचा बाप हेल्लेणी म्हणजे ग्रीक होता, विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. म्हणून मुलाशी बाप्तिस्म्यावरून वाद घालू नका. तो बापाबद्दल बोलला तर नुसतं ऐका, तुमचे मिस्टर गेले तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं का, तुला काय वाटतंय म्हणून?

ते बायबल ट्रंकेतून काढा, ऊन दाखवा. आपल्याकडे जुन्या बायबलांच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहायची पद्धत होती, सासऱ्यांनी पण बहुतेक लिहिलं असेल. त्याच्याखाली नातवाचं नाव आणि जन्मतारीख लिहा, मुलाला दाखवून लिहा. बाप्तिस्म्याची जागा रिकामी ठेवा.