लस घेतल्यावर पाळी हलते का? हलते, पण किती आणि किती दिवस ते पाहा

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मोठ्या मुलीला, वय १६, शाळेत धनुर्वाताची सुई दिली आणि तिची पुढची पाळी नऊ दिवस उशिरा आली. जाऊबाईंना कोरोनाच्या लसीनंतर दोन पाळ्या फार जड गेल्या. आणि या दोन्हींवरून घरचे म्हणतात, धाकटीला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस नकोच, पुढे लेकरू व्हायचं नाही. तिन्हींचं उत्तर एक नाही.

जाऊबाईंपासून सुरू करते, कारण त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. २०२१ मध्ये बायका हे सांगत होत्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यांना "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकावं लागलं. लसीच्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल नीट विचारलंच नव्हतं, म्हणून कोणाकडे उत्तर नव्हतं. नंतर मोजणी झाली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. मोबाइलमध्ये पाळीच्या तारखा आधीपासून नोंदवणाऱ्या ३,९५९ जणींच्या नोंदी त्यात तपासल्या, काही लस घेतलेल्या, काही न घेतलेल्या. लस घेतलेल्यांची पाळी पहिल्या डोसनंतर सरासरी ०.७ दिवस आणि दुसऱ्या डोसनंतर ०.९ दिवस पुढे गेली, म्हणजे एक दिवसापेक्षा कमी. रक्त जाण्याचे दिवस वाढले नाहीत. एकाच पाळीच्या चक्रात दोन्ही डोस आले त्यांची पाळी सुमारे दोन दिवस पुढे गेली. आपल्याकडे कोविशील्डचं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं आणि मे २०२१ पासून १२ ते १६ आठवडे झालं, त्यामुळे तो प्रकार इथे क्वचितच झाला असेल.

त्याच वर्षी १९,६२२ जणींचा दुसरा, अनेक देशांचा अभ्यास आला. ज्या सूत्राची लस आपल्याकडे कोविशील्ड म्हणून मिळाली, ती ॲस्ट्राझेनेकाची लसही त्यात होती. निष्कर्ष तसाच निघाला. पण त्यातला एक आकडा घरच्यांना मुद्दाम सांगा. पाळी आठ किंवा जास्त दिवस हलली अशा बायका लस घेतलेल्यांत १०० मागे ६ होत्या आणि लस न घेतलेल्यांत १०० मागे ५. लस न घेताही पाचजणींची पाळी आठवडाभर इकडेतिकडे होतेच. शेजारणीची पाळी लसीनंतर हलली म्हणून ती लसीनेच हलली, असं का म्हणता येत नाही, ते या एका आकड्यात दिसतं.

आता जड जाण्याबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने फायझर आणि मॉडर्नाच्या लसींच्या माहितीपत्रकात "पाळीत जास्त रक्तस्राव" हा संभाव्य दुष्परिणाम म्हणून लिहायला सांगितलं आणि बहुतेक वेळा तो तात्पुरता असतो असंही नोंदवलं. म्हणजे हे कोणी लपवलेलं नाही. व्हॉट्सॲपवर "४२ टक्के बायकांना जास्त रक्त गेलं" असा आकडा फिरतो, तोही एका खऱ्या पाहणीतला आहे. पण ती पाहणी स्वतःहून फॉर्म भरणाऱ्यांची होती, आणि ज्यांना फरक जाणवला त्याच जास्त करून फॉर्म भरायला बसतात. गावात ४२ टक्के बायकांना असं होईल, असा त्याचा अर्थ लावू नका.

असं होतं कशामुळे? पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीज तयार होतं. ते बाहेर पडलं की दुसरा भाग सुरू होतो आणि तो जवळजवळ ठरलेला असतो, साधारण दोन आठवड्यांचा. म्हणून पाळी लांबते ती बहुतेक वेळा पहिला भाग लांबल्यामुळे. बीज कधी सोडायचं याचा हुकूम मेंदूकडून येतो, आणि लस किंवा आजार यांनी शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की तिच्या रसायनांमुळे तो हुकूम थोडा उशिरा येऊ शकतो. लस पहिल्या भागात घेतली तर पाळी सुमारे एक दिवस पुढे जाते आणि दुसऱ्या भागात घेतली तर बहुतेक जात नाही, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. ते या समजुतीला धरूनच आहे. गर्भाशयाच्या अस्तरातही प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात, म्हणून प्रवाह थोडा कमी-जास्त होऊ शकतो. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यूच्या तापातही पाळी अशीच चुकते, आणि तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. कोरोना झाल्यानंतरही बायकांच्या पाळ्या हलल्या आहेत. एक-दोन चक्रांत गाडी रुळावर येते.

आता मुलीची नऊ दिवसांची गोष्ट. १० आणि १६ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत देतात ती टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. तिच्यामुळे पाळी लांबते असं कोणत्याही अभ्यासात दिसलेलं नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर नेहमीचं असतं. मुलीला चौदाव्या वर्षी पाळी सुरू झाली असेल तर या वयात ३७ दिवसांनी येणं हा आजार नव्हे. शिवाय या दिवसांत परीक्षा असते, सकाळी न खाता शाळा असते, सोयाबीनच्या सोंगणीच्या वेळी घरकाम तिच्यावर पडतं. वजन उतरलं, झोप कमी झाली की पाळी मागे जाते.

मोठ्या बायकांत मात्र लसीचं नाव घ्यायच्या आधी चार गोष्टी विचारायच्याच असतात, आणि आपल्या भागात त्या हमखास सुटतात.

पहिली गोष्ट, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. महालक्ष्म्या, लग्न, यात्रा आली की मेडिकलमधून या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त जाते, आणि पुढचं वेळापत्रकही हलतं. त्याच आठवड्यात लस घेतलेली असली की नाव लसीचं होतं. दुसरी गोष्ट, अंतरा इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या गर्भनिरोधकाने मधेच डाग पडणं किंवा पाळी थांबणं अपेक्षितच असतं, आणि "इंजेक्शन घेतलं" एवढंच आठवलं तर ते लसीच्या खात्यात जातं. छाया ही गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने पाळी लांबते आणि प्रवाह कमी होतो. तांबीने, म्हणजे कॉपर-टीने, प्रवाह वाढतो. तिसरी गोष्ट वयाची. चाळिशीनंतर अंतर बदलू लागतं आणि जड जाण्यामागे गर्भाशयातली गाठही असू शकते.

चौथी गोष्ट सगळ्यात आधी तपासायची, ती म्हणजे दिवस गेलेत का. लसीने पाळी लांबली असं म्हणून बसलेल्या बाईला तिसरा महिना लागतो, तोवर गरोदरपणाची नोंदणीही झालेली नसते. पाळी सात दिवस पुढे गेली की आशाताईंकडून निश्चय किट घ्या, ते मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या, किटबरोबर आलेल्या ड्रॉपरने सांगितलेले थेंब गोल खाचेत टाका आणि पाच मिनिटांत वाचा. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे हो, मग दुसरी फिकट असली तरी. एकही रेघ आली नाही तर किट वाया गेलं, नवं घ्या. अर्ध्या तासानंतर दिसलेल्या रेघेवर विश्वास ठेवू नका. रेघ एकच आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा.

लसीचा परिणाम खरंच झाला का, हे ओळखायचं साधन घरातच असतं, भिंतीवरचं कॅलेंडर. बहुतेक जणी तारीख लक्षात ठेवतात, "माझी पाच तारखेची". तिथेच घोळ होतो. २८ दिवसांचं चक्र ५ जानेवारीला सुरू झालं तर पुढची पाळी २ फेब्रुवारी, मग २ मार्च आणि मग ३० मार्च. मार्चमध्ये दोनदा आली म्हणून बाई घाबरते, आणि मधे लस झाली असेल तर खापर तिच्यावर. चक्र मात्र एक दिवसानेही हललेलं नसतं. म्हणून तारीख पाहू नका, अंतर मोजा. चांगलं लाल रक्त सुरू झालं त्या दिवशी फुली करा. पुढच्या फुलीपर्यंतचे दिवस मोजून शेजारी लिहा. ४ जुलै ते ३ ऑगस्ट ३० दिवस, ३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर ३४ दिवस. लसीच्या दिवशी गोल करा, ताप आला तर "ता", गोळ्या घेतल्या तर "गो". प्रौढ बाईत २४ ते ३८ दिवसांचं अंतर सर्वसाधारण मानतात, आणि एका चक्रापासून दुसऱ्यात सातेक दिवसांचा फरकही. लसीआधीच्या तीन फुल्या आणि नंतरच्या तीन फुल्या असल्या की डॉक्टरांना सांगायला ठोस काही असतं. "लय दिवस झाले" यावर ते काही करू शकत नाहीत.

प्रवाह मोजायलाही तसंच. पॅड असो की कापड, बदलायच्या वेळा लिहा. तासाभरात पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडताहेत, आठ दिवसांपेक्षा जास्त चालू आहे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, यातलं काही असेल तर दोन चक्रं वाट पाहायची नाही. लस घेतलेली असो वा नसो, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चक्कर येऊन पडली किंवा रक्त थांबतच नसेल तर १०८ ला फोन करा. मेडिकलमधून रक्त थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर त्या धोक्याच्या ठरतात.

पाळी बंद होऊन वर्ष झालेल्या बाईला लसीनंतर थोडं जरी रक्त दिसलं तरी "लसीने झालं असेल" म्हणून सोडू नका. कारण लस असेलही, पण गर्भाशयाचा कॅन्सर पहिल्यांदा असाच दिसतो. सोनोग्राफी आणि तपासणी झालीच पाहिजे.

जाऊबाईंचं रक्त तपासलंय का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन आधीच ९ असलेल्या बाईला दोन जड पाळ्या आल्या तर ती बांधावर बसते आणि निंदणाला उठत नाही. लसीने अशक्तपणा आला असं वाटतं, तो पुष्कळदा जुना असतो. उपकेंद्रात बोटातलं रक्त घेऊन तपासतात. १२ च्या खाली असेल तर लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्या. जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर, सोबत लिंबू चाललं. चहा मात्र आधी-नंतर तासभर नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. संडास काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात घरात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असेल तर लोह स्वतःहून सुरू करू नका, आधी तपासणी. लस मात्र सिकलसेल असलेल्यांनी टाळायची नसते. त्यांना जंतुसंसर्ग जास्त महागात पडतो.

पाळी चालू असताना लस घेता येते का, हेही विचारतात. येते. एप्रिल २०२१ मध्ये "पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस घेऊ नका" असा मेसेज फिरला होता, सरकारने तेव्हाच तो खोटा असल्याचं सांगितलं. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे कुर्माघरात, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायच्या वेगळ्या झोपडीत, बसलेली बाई सत्राच्या दिवशी गावात येत नाही आणि तिचा डोस चुकतो. आशाताईंनी आधी नर्सबाईंना सांगून ठेवावं, सुई तिथे जाऊनही देता येते. शाळेत मुलींना मात्र खाऊन यायला सांगा. उपाशीपोटी, पोटात दुखत असताना रांगेत उभी राहिलेली मुलगी चक्कर येऊन पडते, तिला पाहून दुसरी पडते, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं की लसीने पोरी पडल्या. सुई बसवून द्यायची, नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. दंड दुखला, ताप आला तर पॅरासिटामॉल पुरते.

धाकटीच्या लसीबद्दल. मूल न होण्याची भीती कोरोनाच्या लसीबाबतही होती. दिवस राहण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या २,१२६ अमेरिकन आणि कॅनेडियन बायकांच्या अभ्यासात लस घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना दिवस राहण्यात फरक दिसला नाही. कॅन्सरच्या या लसीची, म्हणजे एचपीव्हीच्या लसीची, मोठी तपासणी जपानमध्ये झाली. तिथे २०१३ मध्ये तक्रारींमुळे सरकारने लसीची शिफारस थांबवली. नागोया शहरात सुमारे ३०,००० तरुणींना पाळीतल्या बिघाडासह २४ लक्षणं विचारली, आणि लस घेतलेल्यांत ती जास्त निघाली नाहीत. २०२२ मध्ये जपानने शिफारस पुन्हा सुरू केली. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्ही या विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात आणि लस त्या दोन्हींना अडवते. आपल्या देशात तयार झालेली सर्व्हाव्हॅक ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि १५ पासून पुढे तीन डोस अशी देतात. धाकटी बारा वर्षांची आहे म्हणालात, म्हणजे दोन डोसांत भागेल, पंधरा ओलांडल्यावर तीन लागतील. कॅन्सर झाल्यावर पुष्कळदा गर्भाशयच काढावं लागतं, आणि लेकरू न होण्याचं ते कारण मात्र खरं आहे. घरच्यांशी बोलताना हे आधी सांगा.

मोठीचं हिमोग्लोबिन तेवढं तपासून घ्या आणि आजपासून फुल्या सुरू करा. तीन महिने सलग पाळी आली नाही, किंवा ४५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पुन्हा पुन्हा पडलं, तर ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारून कॅलेंडर घेऊनच जा. आणि कोणालाही लसीनंतर काही झालं असं वाटलं तर ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे लेखी नोंदवा, लसीचं नाव, तारीख आणि कार्डावरचा बॅच नंबर धरून.