पेट्रासाठी एक दिवस पुरेल का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले असून एका प्रवासी कंपनीबरोबर जॉर्डनला जाणार आहोत. कार्यक्रमात जेराश येथील रोमनकालीन नगराचे अवशेष, पेट्रासाठी एक दिवस आणि वादी रमच्या वाळवंटात एक मुक्काम आहे. पेट्रासाठी एक दिवस पुरेल का? आम्हाला ओढ प्राचीन वास्तूंची आहे. मग वाळवंटातील रात्र वगळून अम्मानमध्येच अधिक राहावे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वाळवंटातील मुक्काम कृपया वगळू नका, कारण वाळवंट पाहिल्यावाचून पेट्रा नीट उमगत नाही. हे नगर वसवणारे नबाती लोक उंटांच्या तांड्यांनी दक्षिण अरबस्तानातील धूप आणि गंधरस भूमध्य समुद्राकडे पोहोचवत. पाण्याचे साठे कोठे आहेत हे ठाऊक असणे, हेच त्यांचे खरे सामर्थ्य होते. वादी रममध्ये जबल रमच्या पायथ्याशी त्यांनी बांधलेल्या अल्लात देवीच्या मंदिराचे अवशेष आहेत आणि वरच्या कड्यावरील झऱ्यापाशी त्यांनी कोरलेले लेखही आहेत. खझाली घळीच्या भिंतींवर तर माणसे, प्राणी आणि थामुदी या प्राचीन अरबी लिपीतील अक्षरे कोरलेली दिसतात. म्हणजे ज्याला आपण केवळ निसर्गदर्शन समजत आहात, तेही एक प्राचीन स्थळच आहे. 2011 साली युनेस्कोने वादी रमला जागतिक वारसा यादीत स्थान दिले, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर.

आता पेट्राविषयी. माझे स्पष्ट मत असे की एक दिवस अपुरा आहे. प्रवेशद्वारापासून सुमारे 1.2 किलोमीटर लांबीच्या सीक नावाच्या अरुंद घळीतून जाताना बहुतेक गट झपाझप चालतात, कारण सर्वांना घळीच्या टोकाची, सुमारे 40 मीटर उंचीची अल-खझने ही वास्तू गाठायची घाई असते. आपण मात्र मार्गदर्शकाला घळीतच थांबायला सांगा. दोन्ही बाजूंच्या खडकात कोरलेले पाण्याचे पाट आणि भाजलेल्या मातीच्या नळांचे अवशेष तेथे दिसतात. बाहेरच्या झऱ्यांचे पाणी नगरात आणणारी, पावसाचे पाणी टाक्यांत साठवणारी आणि त्याच पावसाचा लोंढा बंधारा व बोगद्याच्या साहाय्याने घळीबाहेर वळवणारी ही व्यवस्था मला अल-खझनेच्या दर्शनी भागापेक्षाही थोर वाटते. 1963 साली घळीत अचानक आलेल्या पुरात पर्यटकांचा बळी गेला आणि त्यानंतर तो बंधारा पुन्हा उभारण्यात आला. पावसाच्या अंदाजामुळे प्रवेश बंद ठेवला, तर वाद घालू नये तो यासाठीच.

अल-खझनेमध्ये धन दडवले आहे अशी पूर्वी समजूत होती, आणि माथ्यावरील दगडी कलशावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. प्रत्यक्षात ती दफनवास्तू असावी, बहुधा चौथा अरेटास या नबाती राजाची, असे अभ्यासक मानतात. आतील दालने रिकामी आहेत, त्यामुळे कोरीवकाम बाहेरूनच निवांतपणे पाहावे.

नाट्यगृह, राजथडगी आणि स्तंभांचा मार्ग पाहण्यातच पहिला दिवस सरतो. अद-दैर या भव्य वास्तूकडे जाणाऱ्या सुमारे 800 पायऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवावी. जॉर्डनमध्ये मुक्काम करणाऱ्यांना पेट्राचे एका दिवसाचे तिकीट 50 दिनारांना, तर दोन दिवसांचे 55 दिनारांना मिळते. एवढ्या किरकोळ फरकासाठी दुसरा दिवस सोडणे मला तरी पटत नाही. गुडघे दुखत असल्यास अल-खझनेपर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. मात्र पायऱ्या चढण्यासाठी गाढवावर बसू नका. त्या मुक्या जनावरांचे हाल होतात आणि कड्यालगतच्या वाटेवर स्वारालाही धोका असतो.

जेराशला अर्धा दिवस पुरतो. तेथील लंबवर्तुळाकार चौक आणि सम्राट हेड्रियनच्या भेटीप्रीत्यर्थ उभारलेली कमान चुकवू नये.

तेव्हा अम्मानमधील रात्र वाढवण्याऐवजी ती पेट्रालगतच्या वादी मूसा गावात मिळेल का, हे कंपनीला विचारा. तसेच गट पेट्राच्या प्रवेशद्वाराशी किती वाजता पोहोचणार, हेही आगाऊ लेखी घ्या. द्वार सकाळी 6 वाजता उघडते, आणि दुपारी पोहोचणाऱ्या गटाला ऊन आणि गर्दी या दोहोंना तोंड द्यावे लागते.