आधी पावसात बघ, मग सही कर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ड्रोनचा नकाशा म्हणतो उतार पक्का आहे, वरची वाडी म्हणते नाही, आणि साहेब म्हणतात शुक्रवारपर्यंत अहवालावर सही हवी. कुणाचं ऐकू, असं विचारतेस. वाडीचं ऐकून घे, पण सही त्यावरही करू नकोस. मोठा पाऊस पडू दे, डोंगर कापून केलेल्या त्या कटिंगच्या माथ्यावर जाऊन उभी राहा, डोळ्यांनी बघ, मग सही कर.

1993 च्या मे महिन्यात मी सव्वीस वर्षांचा होतो, कोकण रेल्वेच्या कामावर एका ठेकेदाराकडे सुपरवायझर. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर, 91 बोगदे, लहानमोठे जवळपास 2000 पूल, आणि सगळं पाचेक वर्षांत उरकायचं. आमच्या कटिंगवर एक म्हातारी रोज यायची. तांब्यातलं पाणी आणि गुळाचा खडा हातावर ठेवायची आणि काठीने एकच जागा दाखवायची. "पावसात हितं उपळ फुटतात, बाबा." उपळ म्हणजे जमिनीतून वर येणारे झरे. मी जांभ्याखालची पांढुरकी चिकणमाती नखाने खरवडून बघितली. खडूसारखी कोरडी, टणक. उतार तसाच उभा ठेवला आणि सही केली.

जुलैत तिथेच हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. नुकतीच लावणी झालेली तिची दोन खाचरं आणि गडगा चिखलाखाली गेला होता. इरलं डोक्यावर घेऊन ती बांधावर उभी होती. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तू म्हणशील, तेव्हाची घाईच तशी होती. होतीच! अ. ब. वालावलकर, नाथ पै, मधू दंडवते यांनी ज्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, ती आम्ही रेंगाळलो असतो तर झालीच नसती, असं मला आजही वाटतं. 26 जानेवारी 1998 ला मार्ग पूर्ण खुला झाला. रात्रभर एसटीत अंग आंबवून येणारी माझी आई त्या वर्षी पहिल्यांदा दिवसाउजेडी मुंबईहून घरी आली आणि डब्यातल्या सगळ्यांना खिडकीतून आपली नदी दाखवत होती. गणपतीला चाकरमान्यांनी भरलेली गाडी स्टेशनात शिरते तेव्हा अजून माझा ऊर भरून येतो. पण हे सांगताना मी त्या खाचरांपासून पळतोय, तेही मला कळतं. घाई खरी होती, पण पाऊस फक्त महिनाभर लांब होता.

22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि 51 माणसं गेली. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली, तीही रुळावर आलेल्या दगडांमुळे. दोन्ही जूनमध्ये. माझं कटिंग तिथलं नव्हतं, तरी कित्येक रात्री झोप लागली नाही. त्यानंतर उतार कमी केले, जाळ्या बसल्या, पावसात गाड्यांचा वेग कमी केला, गस्त वाढवली. आता भर पावसात बॅटरी घेऊन रूळ चालणारा ट्रॅकमन तुझ्या सहीच्या भरवशावर चालणार आहे. साहेब नाही चालणार.

नोकरी जाईल, असं लिहिलंयस. जाईल कदाचित. मी माझी टिकवली आणि अजून त्या बांधासमोरून मान खाली घालून जातो. तुला दुसरी नोकरी मिळेल. मे महिन्यात सही करू नकोस, बाय, एवढं ऐक.

आर्द्रा लागल्या की पहिल्या मोठ्या पावसात जा. गमबूट घाल, वाडीतलं कुणीतरी जुनं माणूस बरोबर घे. माथ्यावरचा चर आधी बघ: त्यातलं पाणी वाहून बाहेर पडतंय की मध्येच कुठे गडप होतंय? गडप होत असेल तर ते उताराच्या पोटात चाललंय. खाली ये, पायथ्याशी पाणी गढूळ येतंय का बघ. मग तिथूनच फोन कर. कितीही वाजले असले तरी कर, पावसात मी जागाच असतो.

तुझा,
काका