मामांच्या ट्रंकेत पंक, हार्डकोर आणि नॉइझच्या चाळीसेक कॅसेटी सापडल्या. डिजिटल करताना खरखर कशी घालवू?

घालवू नका.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुम्ही एका ओळीत लिहिलंय की निम्म्या कॅसेटींवर मामांनी पेनाने 'नॉइझ' (गोंगाटालाच संगीत मानणारा प्रकार) लिहून ठेवलंय, आणि पुढच्याच ओळीत विचारलंय की नॉइझ रिडक्शनला चांगलं सॉफ्टवेअर कुठलं. या दोन ओळी एकाखाली एक वाचल्यावर मला गप्प बसवेना.

१९९५ साली आम्ही डोंबिवलीत राहायचो. एका मित्राचा काका बोटीवर होता. त्याने अमेरिकेहून 'मॅक्सिमम रॉकनरोल' या पंक मासिकाचा एक अंक आणला होता. न्यूजप्रिंटवर छापलेला, दहा पानं चाळली की बोटं काळी. मागच्या पानांवर बारीक टाइपात जाहिराती असायच्या: माझी टेप घे, तुझी दे. त्यातल्या ओसाकाच्या एका पत्त्यावर मी पत्र टाकलं, सोबत पोस्टातून घेतलेली दोन इंटरनॅशनल रिप्लाय कूपनं, म्हणजे त्याला उत्तराच्या टपालाचा खर्च नको.

अकरा आठवड्यांनी पाकीट आलं. वरच्या तिकिटांवर साबणाचा पातळ थर होता, म्हणजे शिक्का पाण्याने धुऊन निघावा आणि तिकीट पुन्हा चालावं. आतल्या चिठ्ठीत पहिलं वाक्य होतं, 'तिकिटं परत पाठव.' कव्हर झेरॉक्सचं. कॅसेट साठ मिनिटांची, मूळची कुठल्यातरी इंग्रजीच्या धड्यांची. वरची मोडलेली खिट्टी चिकटपट्टीने बुजवून तिच्यावरच रेकॉर्ड केलेलं. एका बाजूला हार्डकोर, म्हणजे पंकचाच जास्त वेगवान प्रकार, चाळीस-पन्नास सेकंदांची गाणी, एक संपायच्या आत दुसरं सुरू. दुसऱ्या बाजूला निव्वळ नॉइझ, सुरुवातीला श्वास घ्यायलाही जागा नाही. तो संपला की उरलेल्या टेपवर जुनं तसंच राहिलेलं: दोन मिनिटं एक बाई जपानी मुलांना शांतपणे इंग्रजी शिकवायची.

मी पहिल्यांदा ती बाजू लावली तेव्हा बाबा घरी होते. मशीन बिघडलं असं समजून दुसऱ्या दिवशी त्यांनी टू-इन-वन उचलला आणि नाक्यावरच्या रेडिओ रिपेअरवाल्याकडे नेला. कॅसेट आतच होती. त्याने तीच लावून टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा स्क्रू इकडेतिकडे फिरवला आणि आवाज जिथे सगळ्यात कमी बोचतो तिथे सोडून दिला. पस्तीस रुपये घेतले. हेड तिरपं झालं की वरचे बारीक सूर आधी जातात, त्यामुळे त्याने अगदी मन लावून, मोजूनमापून ते हेड जास्तीत जास्त वाकडं करून दिलं होतं. घरी आल्यावर भीमसेनांचे अभंग रजईतून गायल्यासारखे यायला लागले. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, त्या जपान्याच्या कॅसेटने मशीन खाल्लं.

त्याच वाकड्या हेडवर मी सप्टेंबरमध्ये विसर्जनातल्या ढोल-ताशाची पंचेचाळीस मिनिटं रेकॉर्ड करून ओसाकाला पाठवली, अदलाबदल म्हणून. त्याच्या सरळ डेकवर ती गढूळच वाजली असणार. त्याला वाटलं मी मुद्दाम केलंय. उलट टपाली त्याने त्या 'बँड'चा पत्ता मागितला.

असो. पुढे अशा एकोणीस कॅसेटी जमल्या. २००९ साली मी नोकरीसाठी बाहेर होतो आणि घराला रंग द्यायचा होता, म्हणून आईने खोकं मावसभावाकडे ठेवायला दिलं. त्याने मला सरप्राइज म्हणून सगळं डिजिटल केलं. अशा सॉफ्टवेअरमध्ये आधी फक्त खरखर असलेला तुकडा निवडून द्यायचा असतो, मग ते तसला आवाज सगळीकडून वजा करतं. हा तुकडा सहसा सुरुवातीच्या मोकळ्या सेकंदांतून घेतात. त्याने इमानेइतबारे प्रत्येक कॅसेटची पहिली पाच सेकंदं घेतली. ओसाकाच्या कॅसेटवर मोकळी सेकंदं नव्हतीच, ते संगीतच होतं. उरलं ते पाण्याखाली कोणी भांडी घासतंय असं काहीतरी. हार्डकोरच्या बाजूला झांजा गायब, गायक फोनवर बोलतोय. सगळ्यात स्वच्छ आली ती बाई.

आणि काम झालं म्हणून कॅसेटी भंगारवाल्याला.

त्याचं म्हणणं आजही एकच: 'ऐकण्यासारखं तरी केलं ना मी?' दादा, झांज आणि टेपची खरखर यांत संगणकाला फारसा फरक कळत नाही. दोन्हीचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. त्यात हे बँडवाले कोणाच्या तरी तळघरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काटा लाल रेघेपलीकडे ठेवून रेकॉर्ड करायची. गिटारची चरचर त्यातूनच आलेली. आणि दर कॉपीला खरखर वाढते, म्हणजे टेप कितव्या हातची आहे ते कानाला कळतं. १९८१ साली रेकॉर्ड कंपन्या घरी टेप करण्याविरुद्ध बोंबलत असताना डेड केनेडीज या अमेरिकन पंक बँडने आपल्या ईपीच्या (छोट्या अल्बमच्या) कॅसेटची एक बाजू कोरी सोडली आणि वर छापलं, कंपन्यांचा नफा बुडवायला तुम्हीही हातभार लावा. बॅड ब्रेन्स या हार्डकोर बँडचा पहिला अल्बम १९८२ साली आधी निघाला तोच कॅसेटवर. टोकियोत नॉइझवाला मर्झबाऊ सुरुवातीच्या काळात घरच्या घरी कॅसेटी भरून झेरॉक्स कव्हर लावून पोस्टाने पाठवायचा. या लोकांना 'स्वच्छ' हवं असतं तर तसं केलं असतं. काहींना परवडत नव्हतं, हेही खरं. पण न परवडण्यातून जे झालं तेच आपण ऐकतोय ना?

आता तुमच्या कामाचं. बाजारातले नवे स्वस्त यूएसबी प्लेअर घेऊ नका, जुना चांगला डेक मिळवा आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेटच्या खिट्ट्या मोडलेल्या नसतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. आतली फोमची गादी निघाली असेल तर ती टेप वाजवू नका, आधी दुसऱ्या कॅसेटच्या डब्यात घाला. डॉल्बी (डेकवरचं खरखर कमी करणारं बटण) बंद. आणि तो रिपेअरवाल्याचा स्क्रू, तो प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा फिरवावा लागतो, कारण ती ज्या मशीनवर भरली त्याचं हेड कसं होतं ते तुम्हाला माहीत नाही. आवाज मोनो करून ऐका आणि जिथे सगळ्यात जास्त बोचेल तिथे थांबा. एमपी३ नको, २४ बिट वेव्ह. ऑडॅसिटी पुरे आहे, फुकट आहे. मावसभावानेही तेच वापरलं होतं, त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. पहिल्या गाण्याआधीचं आणि शेवटच्या गाण्यानंतरचं काही कापू नका.

थोडं मागे येतो. तुमच्याच वायरिंगमुळे ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर ती जरूर घालवा, ती मामांची नाही. बुरशी दिसली तर मास्क लावा आणि ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. आणि मूळ फाइल जपून ठेवली असेल तर कॉपीवर तुम्ही काय वाट्टेल ते करा, माझी हरकत नाही. हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पण मूळ कॅसेटी कोणालाही ठेवायला देऊ नका, नात्यातल्याला तर अजिबात नाही.

परवा भाच्याच्या मुंजीत मावसभाऊ भेटला. जिलबी वाढता वाढता म्हणाला, 'तुझ्या त्या जपानी बाईची फाइल अजून आहे माझ्याकडे, पाठवू?'

पाठव म्हटलं.