वाचकांचे प्रश्न : रोमचे पश्चिम साम्राज्य कशाने गेले?

प्रश्न : रोमन साम्राज्य रानटी टोळ्यांनी बुडवले, की ते आधीच आतून पोखरले गेले होते?

उत्तर : ‘आतून पोखरले होते’ हे पटकन पटते, पण चौथ्या शतकातले अवशेष वेगळेच सांगतात. उत्तर आफ्रिका आणि सिरियात त्या काळातली भरभराटीची खेडी आणि ऑलिव्हच्या तेलाचे घाणे मोठ्या संख्येने सापडतात. आमच्या मते खरी मेख महसूल आणि सैन्य यांच्या नात्यात आहे. प्रांतांच्या करातून सैनिकांचे पगार निघत आणि सैनिक प्रांत राखत. प्रांत हातचा गेला की त्याचा कर बुडे, आणि तो परत घ्यायला तर जास्तीचे सैन्य लागे.

घटनाक्रम पाहा. ४०६ च्या अखेरीस व्हँडल, अॅलन आणि सुएबी टोळ्यांनी ऱ्हाइन ओलांडली. त्यांना अडवण्याऐवजी रोमन फौजा आपापल्या दावेदारासाठी एकमेकींशी लढत राहिल्या. ब्रिटनमधल्या सैन्याने ४०७ मध्ये आपलाच सम्राट उभा केला आणि तो फौज घेऊन गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) उतरला. आतली दुखणी म्हणायचीच तर ही भाऊबंदकी म्हणावी. ४०९ मध्ये टोळ्या स्पेनमध्ये शिरल्या. ४२९ मध्ये व्हँडलांचा राजा गायसेरिक समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत उतरला आणि ४३९ मध्ये त्याने तिथले मुख्य शहर कार्थेज घेतले.

हा घाव वर्मी लागला. आफ्रिका (म्हणजे खंड नव्हे, तर आजच्या ट्युनिसियाभोवतालचा रोमन प्रदेश) हा पश्चिमेचा सर्वांत किफायतशीर प्रांत होता. तिथून रोमला धान्य व तेल येई, कर भरपूर मिळे आणि राखणीला सैन्य मात्र थोडे लागे. ४४१ मध्ये ती परत घेण्यासाठी सिसिलीत आरमार जमले, पण हूणांनी डॅन्यूबवर हल्ला केल्याने मदतीला आलेल्या पूर्व साम्राज्याच्या (कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या दुसऱ्या अर्ध्याच्या) फौजा माघारी गेल्या. पुढच्याच वर्षी व्हँडलांशी तह करून त्यांचा ताबा मान्य करावा लागला. तहात कार्थेजच्या पश्चिमेकडच्या न्यूमिडिया आणि मॉरिटानिया या प्रांतांचे काही भाग परत मिळाले खरे, पण ते इतके लुटले गेले होते की ४४५ मध्ये तिथला कर आठव्या हिश्शावर आणावा लागला. त्याच सुमारास सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने विक्रीवर चोविसाव्या हिश्शाचा नवा कर बसवला. नवे सैनिक सोडाच, जुन्यांनाही पोसायला खजिना पुरत नाही, अशी कबुली त्याच्याच फर्मानात आहे. पुढे ४६० मध्ये सम्राट मेजोरियनचे आरमार स्पेनच्या किनाऱ्यावरच हातचे गेले. ४६८ ची मोहीम सर्वांत मोठी, पण गायसेरिकने पेटती जहाजे सोडून तीही उधळली. त्यानंतर आफ्रिका परत घेण्याची ऐपत पश्चिमेत उरली नाही.

पगार थांबला की काय होते, हे डॅन्यूबकाठच्या बटाविस (आजचे पासाउ) या ठाण्यावरून कळते. आजूबाजूच्या तुकड्या पगाराअभावी विरून गेल्या होत्या. एवढी एक शिल्लक होती. तिचे काही सैनिक शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले आणि वाटेतच मारले गेले. ४७६ मध्ये इटलीतल्या फौजेचा पुढारी ओडोएकर याने पश्चिमेचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला पदच्युत केले, तेव्हा त्या मुलग्याच्या हाती इटलीबाहेर फारसे काही नव्हते.

प्रश्न : नाण्यांतली चांदी कमी केल्यामुळे साम्राज्य कोसळले, असे वाचले. खरे का?

उत्तर : घसरण खरी आहे, पण ती दोनशे वर्षे आधीची. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी डेनेरियस हे रोजच्या वापरातले नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात, चांदी निम्म्यावर आली. २१५ मध्ये सम्राट काराकॅलाने नवे नाणे काढले. त्याची किंमत दोन डेनेरियस ठरवली, चांदी मात्र सुमारे दीड नाण्याची. २६८ पर्यंत या नाण्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती.

पहिल्या फेरीत सरकारचा फायदा होतो, कारण तेवढ्याच चांदीत जास्त नाणी पडतात आणि जास्त पगार वाटता येतात. मग लोक जुने चोख नाणे पुरून ठेवतात आणि कर भरताना नवे हिणकस नाणे देतात. खजिन्यात वाईटच नाणे परत येते आणि भाव चढलेले असतात. म्हणूनच कर धान्य, कापड अशा वस्तूंच्या रूपात घेण्याकडे सरकार वळले. सम्राट डायोक्लेशनने ३०१ मध्ये हजाराहून अधिक वस्तू आणि सेवांचे कमाल दर ठरवून मोडणाऱ्याला मृत्युदंड लावला, तेव्हा माल बाजारातून नाहीसा झाला. शेवटी कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंडातून ७२ या हिशेबाने सोन्याचे सॉलिडस पाडले आणि हे नाणे पूर्वेत सुमारे सातशे वर्षे चोख राहिले. थोडक्यात, रोम या संकटातून सावरले होते.

प्रश्न : मग पूर्वेचे साम्राज्य १४५३ पर्यंत कसे टिकले?

उत्तर : तिजोरी बॉस्पोरसच्या सामुद्रधुनीच्या पलीकडे, आशियात आणि इजिप्तमध्ये होती म्हणून. इजिप्त, सिरिया आणि आशिया मायनर (आजचे तुर्कस्तान) हे श्रीमंत प्रांत डॅन्यूब ओलांडणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर होते, आणि वाटेत राजधानी कॉन्स्टँटिनोपलची (आजच्या इस्तंबूलची) तटबंदी होती : खंदक, बाहेरचा तट आणि सुमारे बारा मीटर उंचीचा आतला तट. इराणची आघाडीही पाचव्या शतकात बरीचशी शांत होती. त्यामुळे हूणांचा राजा अटिला याची खंडणी वर्षाला ७०० वरून २१०० पौंड सोन्यावर गेली, तरी ती देता आली. सातव्या शतकात अरबांनी सिरिया आणि इजिप्त घेतल्यावर मात्र पूर्वेवरही तीच पाळी आली. पूर्व साम्राज्याने रोख पगार कापले आणि फौजा मागे घेऊन आशिया मायनरच्या जिल्ह्यांत वसवल्या. साम्राज्य टिकले, पण पूर्वीपेक्षा कितीतरी लहान होऊन.

प्रश्न : शिशाच्या नळांमुळे रोमन लोक दुबळे झाले, हे कितपत खरे?

उत्तर : नळांतले पाणी वाहते असे आणि त्यातल्या चुन्याचा थर आतून बसे, त्यामुळे शिसे पाण्यात कमी उतरे. शिशाच्या भांड्यांत द्राक्षरस आटवण्याची पद्धत जास्त घातक होती. तरीही साम्राज्य त्याने पडले असे म्हणता येत नाही, कारण शिशाचे नळ पूर्वेच्या शहरांतही होते.