काकाच्या ताटात जेवलं तर?

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. धाकटे दीर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांना एचआयव्ही असल्याचं कळल्यापासून सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. माझी चार वर्षांची मुलगी मात्र काकाच्याच ताटात जेवते. तिला धोका आहे का? मालकाला कळलं तर दिरांचं काम जाईल का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, जेवू द्या लेकीला. एकाच भाकरीचा तुकडा मोडून, एकाच वाटीतली शेंगाचटणी खाऊन एचआयव्ही होत नाही. उष्ट्याने, घामाने, डास चावून, एका संडासानेही नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून किंवा सुईतून आणि आईकडून बाळाला. वेगळा ठेवायचाच असेल तर दाढीचा वस्तरा ठेवा. तो तसाही कुणी कुणाचा वापरू नये.

समुपदेशक म्हणून मला काळजी वाटते ती गोळ्यांची. ताट वेगळं झालेला माणूस गोळ्याही लपूनछपून घेतो, आणि मग चुकवतो. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषध मोफत मिळतं. ते रोज घेतलं आणि तपासणीत रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. सासूबाईंना एकदा केंद्रावर सोबत न्याच. सुनेचं ऐकणार नाहीत, तिथल्या बाईंचं ऐकतील!

कामाचं म्हणाल तर 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा भेदभावाला बंदी आहे. मालकाला सांगायची सक्तीही नाही. अडचण आली तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

जावेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. दिरांचं लग्न झालं असेल तर तिची तपासणी या आठवड्यातच करून घ्या.