चौकटींतून रंगमंचाकडे

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेने एका ग्राफिक नॉव्हेलचे, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबरीचे, नाट्यरूपांतर करायचे ठरवले आहे. आजारी आई आणि तिची मुलगी यांची ती गोष्ट असून तिच्यातील बरीच पाने संवादाविना आहेत. मूळ चित्रे प्रोजेक्टरने मागच्या पडद्यावर दाखवावीत आणि नटांनी त्यांच्यापुढे संवाद म्हणावेत, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का? पुस्तकाचे लेखक आणि चित्रकार वेगळे आहेत. परवानगी कोणाची घ्यावी?

उत्तर : पडद्याचा विचार आपण सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. मोठे चित्र उजळले की प्रेक्षकाची नजर तिकडे जाते आणि नट त्या चित्राला आवाज पुरवण्यापुरता उरतो. शिवाय चित्र फिके पडू नये म्हणून रंगमंचावरचा प्रकाश मंद ठेवावा लागतो, म्हणजे ज्याच्यासाठी नाटक करायचे तो जिवंत चेहराच अंधारात जातो.

खरी अडचण काळाची आहे. ग्राफिक नॉव्हेल वाचताना काळ वाचकाच्या हाती असतो. तो एका चौकटीवर हवा तितका रेंगाळतो, पाने उलटून मागे जातो, आणि समोरचे पान एका नजरेत पाहत असल्यामुळे आधीचा, आताचा आणि पुढचा क्षण त्याच्यापुढे एकाच वेळी असतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले, हे त्याचे त्यानेच जुळवायचे असते. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सच्या रचनेविषयी जे पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात काढले, त्यात वाचकाच्या या जुळवणीला त्यांनी फार मोठे स्थान दिले आहे. नाटकात मात्र काळ नट आणि दिग्दर्शक यांच्या हाती जातो. म्हणून रूपांतरकाराने चौकटींइतकाच त्या कोऱ्या पट्ट्यांचा विचार केला पाहिजे.

समजा, एका पानावर चार चौकटी आहेत : पलंगावरच्या आईचा पाण्याच्या पेल्याकडे गेलेला हात, रिकामी खिडकी, जमिनीवर पसरलेले पाणी, आणि दारात उभी असलेली मुलगी. पेला पडताना चित्रकाराने दाखवलेलाच नाही. नटीने तो सर्वांदेखत पाडला, तर वाचकाकडे सोपवलेले काम आपण प्रेक्षकाकडून काढून घेतो. त्याऐवजी आईचा हात पुढे होताच प्रकाश तिच्यावरून काढून रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीवर आणावा. तिचे हात मध्येच थांबावेत, तिने मान वळवावी, आणि पलंगावर पुन्हा प्रकाश येईल तेव्हा पाणी सांडलेले असावे. संवाद एकही नको. संहिता लिहिताना मुक्या पानांसाठी वाक्ये रचण्याचा मोह फार होतो, तो आवरावा. त्या पानांची जागा तालमीतच भरून निघते.

अॅलिसन बेक्डेल यांच्या २००६ सालच्या ‘फन होम’ या चित्ररूप आत्मकथनाचे संगीत नाटक या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. लिसा क्रॉन यांची संहिता व गीते आणि जनीन टेसोरी यांचे संगीत असलेले हे नाटक २०१३ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये झाले आणि २०१५ साली ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आल्यावर त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाला. त्यात बालपणीची, कॉलेजातली आणि प्रौढ अॅलिसन अशा तीन वयांच्या तीन नटी आहेत. प्रौढ अॅलिसन आपल्याच आठवणी घडताना पाहते, त्यामुळे पानावरचे एकाच वेळी दिसणारे काळ रंगमंचावर माणसांच्या रूपाने भेटतात. पुस्तकात चौकटींवर छापलेले निवेदन ती बोलून पाहते, ते पटत नाही म्हणून बदलते, आणि निवेदनाचेच नाट्य होते. ब्रॉडवेवर प्रेक्षक रंगमंचाच्या चहूबाजूंना बसत, म्हणजे मागचा पडदा म्हणावा अशी जागाच तिथे नव्हती. निवेदनाचा असा उपयोग होत नसेल, तर नटाच्या कृतीतून कळणारे प्रत्येक निवेदन कापावे. चित्रांची शैली वेशभूषेच्या मोजक्या रंगांत आणि हालचालींच्या लयीत उतरली, की पुरे.

परवानगीबाबत म्हणाल, तर कलाकृतीचे रूपांतर करू देण्याचा हक्क बर्न करार या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार तिच्या कर्त्याचा असतो. ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्रेही गोष्ट सांगतात, तेव्हा एकही चित्र दाखवणार नसलात तरी चित्रकाराची संमती लेखकाइतकीच आवश्यक समजावी. हक्क कोणाकडे आहेत याची चौकशी प्रकाशकापासून सुरू करावी. प्रयोगांची संख्या, भाषा, तिकीट असेल की नाही आणि जाहिरातीत मूळ चित्र वापरायचे आहे का, हे सारे पत्रात स्पष्ट लिहावे, आणि लेखी होकार आल्याशिवाय संहितेला हात घालू नये. नकार आला तर महिन्यांची मेहनत वाया जाते, आणि नटमंडळींचा हिरमोड होतो तो वेगळाच.